मॅडिसन स्क्वेअर गार्डन : रुळांवरचा आखाडा

मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे न्यूयॉर्कचे सर्वांत प्रसिद्ध बंदिस्त क्रीडागृह मॅनहॅटन बेटाच्या मध्यभागात, सातव्या आणि आठव्या ॲव्हेन्यूंच्या मध्ये, ३१व्या ते ३३व्या रस्त्यांदरम्यान उभे आहे. बास्केटबॉल, आइस हॉकी, मुष्टियुद्ध, सर्कस, कुत्र्यांची प्रदर्शने, संगीताचे जलसे, राजकीय पक्षांची अधिवेशने, पदवीदान समारंभ आणि पोपची प्रार्थनासभासुद्धा या छपराखाली झाली आहे. शहरातले लोक त्याला नुसते ‘गार्डन’ म्हणतात. आजची इमारत ११ फेब्रुवारी १९६८ रोजी खुली झाली; मात्र ती या नावाची चौथी इमारत असून नाव १८७९ पासून चालत आले आहे. जागा बदलल्या, मालक बदलले, आधीच्या तिन्ही इमारती पाडल्या गेल्या, तरी रेल्वेशी असलेले गार्डनचे नाते सुरुवातीपासून आजपर्यंत सुटलेले नाही. ते नाते ध्यानात घेतल्याशिवाय या वास्तूचा थोरपणा कळत नाही आणि तिच्यावरचा आक्षेपही कळत नाही.

क्रीडागृहाच्या बरोबर खाली पेनसिल्व्हेनिया स्टेशन आहे. त्याला सगळे ‘पेन स्टेशन’ म्हणतात. २१ रूळ आणि ११ फलाट असलेल्या या स्थानकात अ‍ॅमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, लाँग आयलंडच्या लोकल आणि न्यू जर्सीच्या लोकल येतात. करोनापूर्व काळात येथून रोज सहा लाखांच्या आसपास प्रवाशांची ये-जा होत असे. शहराच्या भुयारी रेल्वेच्या १, २, ३ या गाड्या सातव्या ॲव्हेन्यूखाली आणि ए, सी, ई या गाड्या आठव्या ॲव्हेन्यूखाली थांबतात. न्यू जर्सीत एडिसन आणि मेट्रोपार्क या स्थानकांच्या परिसरात भारतीयांची दाट वस्ती आहे, तिच्यात मराठी कुटुंबेही बरीच आहेत. तिथून बसले की लोकल थेट गार्डनच्या तळाशी आणून सोडते. जवळजवळ वीस हजार माणसे एका वेळी गोळा करायची आणि रात्री उशिरा थोड्या वेळात पांगवायची, हे मोटारींच्या भरवशावर मॅनहॅटनमध्ये जमलेच नसते. चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्थानकांच्या मधोमध असलेल्या वानखेडेवर सामने पाहिलेल्या मुंबईकराला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पहिल्या गार्डनचा जन्मच रेल्वेच्या रिकाम्या आवारात झाला. मॅडिसन ॲव्हेन्यू आणि २६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर न्यूयॉर्क अँड हार्लेम रेलरोडचे स्थानक होते. १८७१ मध्ये ४२व्या रस्त्यावर ग्रँड सेंट्रल डेपो सुरू झाल्यावर हे जुने आवार ओस पडले. सर्कसवाला पी. टी. बार्नम याने १८७४ मध्ये ते भाड्याने घेऊन तिथे घोड्यांच्या शर्यती आणि खेळ मांडले. त्याच्यामागून बँडमास्तर पॅट्रिक गिलमोर आला आणि जागेला ‘गिलमोर्स गार्डन’ हे नाव मिळाले. वेस्टमिन्स्टर केनेल क्लबचे कुत्र्यांचे पहिले प्रदर्शन १८७७ मध्ये इथेच भरले. १८७९ मध्ये मालक विल्यम किसम व्हँडरबिल्ट याने आवार आपल्या ताब्यात घेऊन शेजारच्या चौकावरून त्याचे नाव ‘मॅडिसन स्क्वेअर गार्डन’ ठेवले. चौकाला नाव होते अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचे. वर छप्पर नव्हते. उन्हाळ्यात उकाडा, हिवाळ्यात गारठा, अशा त्या आवारात सायकलच्या आणि पायी चालण्याच्या शर्यती होत, मुष्टियुद्धे रंगत. १८८२ मध्ये बार्नमने लंडनहून आणलेला जंबो हत्ती न्यूयॉर्ककरांनी इथेच पाहिला.

दशकभरात ते आवार मोडकळीला आले आणि जे. पी. मॉर्गन, अँड्र्यू कार्नेगी यांच्यासारख्या धनिकांनी पैसा उभा करून त्याच जागी १८९० मध्ये नवी इमारत बांधली. तिचा वास्तुरचनाकार होता स्टॅनफर्ड व्हाइट, ‘मॅकिम, मीड अँड व्हाइट’ या नामांकित संस्थेतला भागीदार. या संस्थेचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातील हिराल्दा मनोऱ्याच्या धर्तीवर व्हाइटने गार्डनवर उंच मनोरा चढवला आणि त्याच्या टोकावर शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्स याने घडवलेली धनुर्धारी डायनाची मूर्ती बसवली. ती वाऱ्याबरोबर फिरत असे. सध्या ती फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात आहे. मुख्य सभागृह, नाट्यगृह, उपाहारगृह, गच्चीवरचे खुले रंगमंच असा या दुसऱ्या गार्डनचा थाट होता. चारही गार्डनांमध्ये देखणेपणात याची बरोबरी कोणालाच करता आली नाही. निकोला टेस्लाने रेडिओलहरींनी चालणारी छोटी नौका १८९८ मध्ये इथल्या विद्युत प्रदर्शनात लोकांपुढे चालवून दाखवली. १९०० मध्ये अमेरिकेतले पहिले मोठे मोटारप्रदर्शनही इथेच भरले.

या इमारतीने सायकल शर्यतींना एक कायमचा प्रकार दिला. तेव्हा सहा दिवस अखंड चालणाऱ्या सायकल शर्यतींचे वेड होते आणि झोपेवाचून भेलकांडणारे स्पर्धक पाहायला गर्दी लोटत असे. अखेर कायद्याने एका स्पर्धकाला दिवसातून बारा तासांपेक्षा जास्त वेळ सायकल चालवण्यास बंदी केली. आयोजकांनी मग दोघांचा संघ करून एकाआड एक उतरण्याची पद्धत काढली. दोघांनी आळीपाळीने धावण्याचा हा प्रकार जगभर ‘मॅडिसन’ या नावानेच ओळखला जातो. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला, आणि २०१२ व २०१६ ही दोन ऑलिंपिके वगळता तो तिथे टिकून आहे.

व्हाइटचा अंत त्याच्याच इमारतीत झाला. २५ जून १९०६ च्या रात्री गच्चीवरच्या नाट्यगृहात प्रयोग सुरू असताना हॅरी थॉ या धनाढ्य तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. अमेरिकी वृत्तपत्रांनी तो खटला वर्षानुवर्षे चघळला. इमारतीचा व्यवहार मात्र कधीच नीट फायद्यात आला नाही. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन इथे भरले आणि उमेदवार ठरवायला मतदानाच्या तब्बल १०३ फेऱ्या घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी गहाणदार असलेल्या न्यूयॉर्क लाइफ या विमा कंपनीने ती वास्तू पाडायला घेतली. आज तिथे कास गिल्बर्टने रेखाटलेली, सोनेरी टोकाची विमा कंपनीची इमारत आहे. मॅडिसन चौकातल्या बागेत उभे राहिले की ती ठळकपणे दिसते.

तिसरे गार्डन मॅडिसन चौकापासून बरेच दूर, आठव्या ॲव्हेन्यूवर ४९व्या आणि ५०व्या रस्त्यांच्या मध्ये बांधले गेले, पण नाव तेच राहिले. मुष्टियुद्धांचा धडाडीचा आयोजक टेक्स रिकार्ड याने ते १९२५ मध्ये अवघ्या २४९ दिवसांत उभे केले. वास्तुरचनाकार थॉमस लॅम हा मूळचा नाट्यगृहे बांधणारा, पण रिकार्डला हवे होते ते मोठे आणि झटपट. बाहेरून इमारत ओबडधोबड दिसे. आत सिगारेटच्या धुराचा थर दिव्यांखाली तरंगत असे आणि वरच्या बैठकांवरून मैदानाचा काही भाग दिसतच नसे. तरीही इथेच बंदिस्त क्रीडागृह हा धंदा म्हणून पहिल्यांदा नीट बसला. केवळ मोठ्या लढतींवर वर्ष निघत नाही, गृह रोज भरते ठेवायचे तर घरचे संघ हवेत, हे रिकार्डने ओळखले. १९२६ मध्ये त्याने हॉकीचा संघ उभा केला. वृत्तपत्रांनी गमतीने त्याला ‘टेक्सचे रेंजर्स’ म्हटले आणि तेच नाव चिकटले. १९४६ मध्ये निक्स हा बास्केटबॉलचा संघ आला.

तरीही बरीच वर्षे घरच्या संघांवर सर्कस मात करीत असे. वसंतात तिचा मुक्काम ठरलेला असे, नेमक्या हॉकीच्या अंतिम लढतींच्या वेळी. १९५० मध्ये रेंजर्स अंतिम फेरीत पोहोचले तेव्हा गार्डनमध्ये सर्कस होती, म्हणून ‘घरचे’ दोन सामने त्यांना सीमेपलीकडे कॅनडातल्या टोरंटोत खेळावे लागले. डेट्रॉइटविरुद्धची ती मालिका ते सातव्या सामन्यात, जादा वेळेत हरले. एकाच फरशीवर अनेक व्यवसाय चालवण्याची खरी किंमत या एका प्रसंगातून कळते.

याच तिसऱ्या गार्डनने राजकारणाची दोन टोके पाहिली. २० फेब्रुवारी १९३९ रोजी जर्मन अमेरिकन बुंड या नाझीवादी संघटनेने इथे सुमारे वीस हजारांची सभा भरवली. रंगमंचावर जॉर्ज वॉशिंग्टन यांचे भव्य चित्र आणि त्याच्या आजूबाजूला स्वस्तिके, बाहेर रस्त्यावर निदर्शकांची प्रचंड गर्दी. चार वर्षांनी, मार्च १९४३ मध्ये, युरोपात मारल्या जाणाऱ्या ज्यूंकडे जगाचे लक्ष वेधणारा भव्य स्मरणप्रयोगही याच जागी झाला. १९ मे १९६२ रोजी मेरिलिन मन्रो हिने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा गाऊन दिल्या, तेही इथेच. ही इमारत १९६८ मध्ये बंद झाली आणि पाडलेल्या जागेवर कित्येक वर्षे नुसता वाहनतळ होता.

चौथ्या गार्डनसाठी जे पाडले गेले, त्याची हळहळ न्यूयॉर्कला अजून वाटते. मॅकिम, मीड अँड व्हाइट याच संस्थेने बांधलेले जुने पेन स्टेशन १९१० मध्ये सुरू झाले होते. गुलाबी ग्रॅनाइट, डोरिक शैलीतल्या ८४ स्तंभांची रांग, रोमच्या कॅराकला स्नानगृहांवरून बेतलेले दीडशे फूट उंचीचे प्रतीक्षागृह, आणि फलाटांवर पोलाद-काचेच्या कमानींतून झिरपणारा उजेड असे त्याचे वैभव होते. १९५०च्या दशकात विमाने आणि मोटारींनी रेल्वेचे प्रवासी पळवले. तोट्यात चाललेल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडने स्थानकावरच्या अवकाशाचे हक्क विकायचे ठरवले. गार्डन कंपनीचा प्रमुख आयर्विंग मिचेल फेल्ट याच्याशी सौदा झाला : रेल्वेला जमिनीखाली नवे स्थानक आणि नव्या गार्डनमध्ये एक चतुर्थांश वाटा, बदल्यात वरची इमारत पाडायची मोकळीक. १९६२ च्या ऑगस्टमध्ये वास्तुरचनाकारांनी हातात फलक घेऊन स्थानकासमोर मोर्चा काढला, लेखिका जेन जेकब्सही त्यांत होत्या. उपयोग झाला नाही. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी हातोडे पडू लागले. पाडकाम तीन वर्षे चालले आणि त्या काळात खालच्या गाड्या एक दिवसही थांबल्या नाहीत. स्तंभ आणि पुतळे न्यू जर्सीच्या दलदलीत नेऊन टाकले गेले.

या पाडकामाने शहर खडबडून जागे झाले. १९६५ मध्ये महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा कायदा केला आणि त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर टॉवर चढवण्याचा बेत आला, तेव्हा हाच कायदा आडवा आला आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. न्यूयॉर्कमधली कितीतरी देखणी जुनी घरे आज उभी आहेत ती एका परीने पेन स्टेशनच्या बळीमुळे. जुन्या स्थानकावर अडॉल्फ वाइनमन याने घडवलेले दगडी गरुड होते. त्यांपैकी दोन आज गार्डनसमोर सातव्या ॲव्हेन्यूच्या बाजूला चौथऱ्यांवर आहेत. आत जाण्याच्या घाईत बहुतेकांचे त्यांच्याकडे लक्षही जात नाही. त्यांच्याजवळ थोडे थांबावे, इथे काय होते याची ती दगडातली खूण आहे.

चौथे गार्डन चार्ल्स लकमन याने रेखाटले. बाहेरून ते तपकिरी काँक्रीटच्या पट्ट्यांनी मढवलेले गोल, बिनखिडक्यांचे पिंप आहे. त्याला सुंदर म्हणणे कठीण आहे. त्याची करामत आत शिरल्यावर दिसते. ४०४ फूट व्यासाचे छप्पर पोलादी तारांवर टांगलेले आहे. कडेच्या वर्तुळाकार कड्यापासून मध्यावरच्या कड्यापर्यंत तारा ताणल्या आहेत, म्हणून छप्पर मध्ये खोलगट आहे आणि संपूर्ण प्रेक्षागृहात नजरेआड येणारा एकही खांब नाही. जुन्या इमारतीत धुरात माना वाकवून पाहणाऱ्यांसाठी हा मोठाच बदल होता. सोनेरी-पांढुरके, वर्तुळात लावलेले हे छत इतके ओळखीचे झाले, की २०११ ते २०१३ या काळात सुमारे शंभर कोटी डॉलर खर्चून आतला जवळजवळ सगळा भाग बदलला गेला तेव्हा तेवढे छत राखले गेले. ती कामेही तीन उन्हाळ्यांत, हंगामांच्या मधल्या सुट्ट्यांत उरकण्यात आली, म्हणजे सामने बंद पडू नयेत.

खाली स्थानक असल्याने खेळाची फरशी जमिनीवर नाही. ती पाचव्या मजल्याच्या पातळीवर आहे. प्रेक्षक सरकत्या जिन्यांनी आणि उतारांनी वर चढतात, आणि सामानालाही तसेच वर चढावे लागते. सर्कस यायची तेव्हा हत्तीसुद्धा त्याच उतारावरून चढत. अनेक वर्षे मध्यरात्रीनंतर क्वीन्स-मिडटाउन बोगदा वाहनांसाठी बंद करून हत्तींची रांग सोंडेत शेपूट धरून नदीखालून मॅनहॅटनमध्ये येई आणि रस्त्याच्या कडेला मुले झोप मोडून उभी असत. रिंगलिंग सर्कशीने २०१६ मध्ये हत्तींचे खेळ कायमचे थांबवले. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. जलशांचे सामान आणणाऱ्या मोठ्या ट्रकना मात्र आत पुरेशी जागा नाही, ते शेजारच्या रस्त्यांवर खोळंबून उभे राहतात.

या वास्तूतले सर्वांत पाहण्यासारखे काम प्रेक्षक नसताना चालते. फरशीच्या काँक्रीटमध्ये थंड द्राव वाहणाऱ्या नळ्या आहेत. हॉकीच्या हंगामात त्यांच्यावर पाण्याचे पातळ फवारे एकावर एक गोठवून साधारण इंचभर जाडीचा बर्फ तयार केला जातो आणि रंगाच्या रेषा त्याच्या थरांमध्येच रंगवल्या जातात. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे हे बर्फाचे मैदान हंगामभर काढले जात नाही. दुसऱ्या दिवशी बास्केटबॉल असेल, तर कडेच्या पारदर्शक भिंती आणि फळ्या उतरवायच्या, बर्फावर उष्णतारोधक तक्ते अंथरायचे, त्यांवर मेपल लाकडाचे चौकोन एकमेकांत अडकवून ९४ बाय ५० फुटांचे बास्केटबॉलचे मैदान जोडायचे, पुढच्या खुर्च्या बाहेर ओढायच्या. जलसा असला की लाकूडही निघते आणि एका टोकाला रंगमंच येतो. हे सगळे रात्रीच्या काही तासांत होते. कधीकधी तर दुपारी एक खेळ आणि संध्याकाळी दुसरा असतो. वर बसलेल्या प्रेक्षकाला पायाखाली बर्फ आहे याची शंकाही येत नाही. मांडणीप्रमाणे प्रेक्षकसंख्या बदलते : बास्केटबॉलला १९,८१२, हॉकीला १८,००६, आणि मध्यभागी रिंग असलेल्या मुष्टियुद्धाला त्याहून थोडी अधिक.

खेळांच्या इतिहासात या फरशीची तीन रात्रींसाठी खास आठवण काढली जाते. ८ मे १९७० रोजी निक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांचा निर्णायक सातवा सामना होता. मांडीच्या दुखापतीमुळे निक्सचा कर्णधार विलिस रीड खेळणार नाही असे सगळे धरून चालले होते. सामना सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी तो लंगडत बोगद्यातून बाहेर आला, पहिले दोन्ही फटके त्याने बास्केटमध्ये टाकले आणि पुढे एकही गुण मिळवला नाही. पण गृहात जे चैतन्य संचारले त्यावर संघाने ११३-९९ असा विजय मिळवला. त्या रात्री ३६ गुण मिळवणारा वॉल्ट फ्रेझर खरा विजयाचा शिल्पकार होता, तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो रीडच.

दुसरी रात्र ८ मार्च १९७१ ची. जो फ्रेझर आणि मुहम्मद अली हे दोघेही तोवर अपराजित होते. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे अलीचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले होते, म्हणून त्या लढतीला खेळापलीकडचा अर्थ होता. प्रत्येकाला २५ लाख डॉलर मिळणार होते. तिकिटे मिळेनात तेव्हा गायक फ्रँक सिनात्रा ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार म्हणून रिंगच्या कडेला बसला. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हाताच्या ठोशाने अली खाली कोसळला, लगेच उठला, पण पंचांनी एकमताने फ्रेझरला विजयी ठरवले. तिसरी रात्र १४ जून १९९४ ची : १९४० नंतर पहिल्यांदाच रेंजर्सनी स्टॅन्ली करंडक जिंकला, मार्क मेसिएच्या नेतृत्वाखाली, व्हँकूव्हरविरुद्ध ३-२.

भारतीय वाचकाला मात्र गार्डनची ओळख पटते ती १ ऑगस्ट १९७१ मुळे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने आणि मग युद्धाने पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात लोटले होते. पंडित रविशंकर यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन याला काहीतरी करायला सांगितले आणि थोड्या आठवड्यांत ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ ठरला. दुपारी आणि रात्री असे दोन प्रयोग झाले, मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले. सुरुवात भारतीय संगीताने झाली : सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा रविशंकर यांनी हसून, आता प्रत्यक्ष वादन याहून आवडेल अशी आशा व्यक्त केली. मग बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन आले. तिकिटांतून जमलेले जवळजवळ अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. संगीताच्या मोठ्या जलशातून आपत्तिग्रस्तांसाठी पैसा उभा करण्याची जी पद्धत पुढे जगभर रुळली, तिचा पाया या दिवशी घातला गेला. मुष्टियुद्धासाठी ओरडणाऱ्या गृहात पाच महिन्यांच्या आत सतारीच्या आलापीला हजारो माणसे शांत बसली, हे गार्डनच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान आहे.

संगीताची बाकीची नोंदही मोठी आहे. एल्व्हिस प्रेस्लीने जून १९७२ मध्ये इथे सलग चार प्रयोग केले. २८ नोव्हेंबर १९७४ रोजी एल्टन जॉनच्या जलशात जॉन लेनन पाहुणा म्हणून गायला; मोठ्या जलशात तो पुन्हा दिसला नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २० ऑक्टोबर २००१ रोजी अग्निशामक आणि पोलीस दलांसाठी इथे जलसा झाला, त्यात समोरच्या रांगा त्या दलांतल्या लोकांनी आणि मृतांच्या कुटुंबीयांनी भरल्या होत्या. न्यूयॉर्कचाच बिली जोएल जानेवारी २०१४ पासून दर महिन्याला इथे गाऊ लागला आणि जुलै २०२४ मध्ये, एकूण दीडशेव्या प्रयोगानंतर थांबला.

डेमोक्रॅटिक पक्षाची १९७६, १९८० आणि १९९२ ची, तर रिपब्लिकन पक्षाचे २००४ चे अधिवेशन याच गृहात झाले. पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये इथे प्रार्थना घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, २८ सप्टेंबर २०१४ रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे अमेरिकेतील भारतीयांपुढे भाषण झाले. अठरा हजारांच्या आसपास लोक जमले होते. मुख्य गृहाच्या खाली सुमारे ५,६०० आसनांचे वेगळे नाट्यगृह आहे. १९६८ मध्ये त्याला फेल्टचे नाव होते, नंतर ते अनेकदा बदलले. आजचे नाव ‘इन्फोसिस थिएटर’ आहे, १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कंपनीचे.

गार्डनचे इथले वास्तव्य कायमचे गृहीत धरता येत नाही. १९६३ मध्ये शहराने पन्नास वर्षांचा विशेष परवाना दिला होता. २०१३ मध्ये तो फक्त दहा वर्षांसाठी आणि २०२३ मध्ये तर केवळ पाच वर्षांसाठी वाढवण्यात आला. कारण खालचे स्थानक. क्रीडागृहाचा भार वाहणारे खांब थेट फलाटांवर उतरतात, त्यामुळे आधीच अरुंद असलेले फलाट रुंद करता येत नाहीत, छत बुटके राहते आणि उजेड पोहोचत नाही. वर आनंदाने उड्या मारणाऱ्या वीस हजारांच्या पायाखाली रोज लाखोंची घुसमट होते, ही टीका रास्त आहे. क्रीडागृह हलवावे, की आहे तिथेच ठेवून स्थानक सुधारावे, यावर अनेक आराखडे आले आहेत. थोडा दिलासा रस्त्यापलीकडे मिळाला. आठव्या ॲव्हेन्यूच्या दुसऱ्या बाजूला मॅकिम, मीड अँड व्हाइटनेच बांधलेली, १९१४ मध्ये सुरू झालेली फार्ली टपाल कचेरी आहे. तिच्या आत प्रशस्त काचेच्या छताखाली मॉयनिहन ट्रेन हॉल १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाला. सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी या कल्पनेचा अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. जुन्या पेन स्टेशनच्या वैभवाची थोडीशी जाणीव हवी असेल, तर सामन्याआधी या दालनातून यावे.

निक्स आणि रेंजर्स यांचे सामने ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत चालतात. मार्चमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलची बिग ईस्ट स्पर्धा असते, ती १९८३ पासून इथेच भरते. वेस्टमिन्स्टरचे कुत्र्यांचे प्रदर्शन करोनाकाळात बाहेर गेले होते, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये परत आले. उन्हाळा मुख्यत्वे जलशांचा. मुख्य दार सातव्या ॲव्हेन्यूवर आहे. खालचा कडा ‘१००’च्या आणि वरचा ‘२००’च्या क्रमांकांचा. वरच्या बैठकांचा चढ तीव्र असल्याने पुढच्याचे डोके आड येत नाही. त्याहून वर, छतापासून टांगलेले दोन पूल २०१३ मध्ये बांधले गेले. तिथे बसले की सगळी फरशी थेट डोळ्यांखाली दिसते, पण याच पुलांमुळे वरच्या कड्याच्या मागच्या काही रांगांतून मध्यावरचा गुणफलक झाकला जातो. स्वस्त तिकीट घेताना तेवढे तपासावे. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. प्रवेशद्वारांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे आहेत आणि त्यांच्या वापरावरून २०२२ मध्ये मोठा वाद झाला होता. कार्यक्रम नसलेल्या वेळी मार्गदर्शकासह फेरी घेता येते. तिच्यात खेळाडूंच्या खोल्या पाहायला मिळतात, आणि वेळ जुळून आली तर फरशी बदलण्याचे कामही. परतताना स्थानकातली पहिल्या लोंढ्याची वेळ टाळावी. एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि हेरल्ड चौकातले मेसीज हे भव्य दुकान दोन्ही चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहेत, आणि ३२व्या रस्त्यावर पूर्वेला गेले की कोरियन खाणावळी रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात.